एक टायर की जोडी? आधी गेज लावणारं दुकान

टायर एक घ्यायचा की दोन, हा प्रश्न घेऊन मी २०२५ मध्ये दोन वेगवेगळ्या दुकानांत गेलो, जूनमध्ये दुसऱ्या एका दुकानात आणि ऑक्टोबरमध्ये या दुकानात, आणि दोन्हीकडे शेवटी एकच टायर विकत घेतला. जूनचा चुकला, ऑक्टोबरचा बरोबर बसला. हा फरक मला इथे येऊन समजला म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे पाऊस सुरू झाला की टायर फुटलेली माणसं घाईत असतात आणि दुकानदार जे सांगेल ते ऐकून मोकळी होतात, मीही तेच केलं होतं.

गाडी स्विफ्ट, व्हीएक्सआय, २०१९ ची. टायर साइज १६५/८० आर १४. कंपनीचे टायर २०२२ मध्ये चारही बदलले होते, जूनपर्यंत त्यांच्यावर २८ हजार किलोमीटर झाले होते. मी राहतो डिचोलीला, कामाला म्हापशाला, म्हणजे रोजचा रस्ता अस्नोड्यावरून, आणि महिन्यातून एकदा तरी चोर्ला घाटातून बेळगावला जाणं होतं कारण बहीण तिथे दिलेली आहे.

मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागून चार दिवस झाले होते. समोरून ट्रक आला, त्याला जागा द्यायला मी गाडी डावीकडे घेतली, रस्त्यावर पाणी होतं त्यामुळे गटाराची काँक्रीटची कड दिसलीच नाही आणि पुढचा डावा टायर बाजूने असा कापला गेला की आतले दोरे दिसायला लागले. साइडवॉल कापली की पंक्चर काढून चालत नाही. खिळा मधल्या जाड भागात घुसला असेल तर आतून पॅच मारून तो टायर पुढे वर्षभर आरामात चालतो, पण बाजूची भिंत पातळ असते आणि गाडी चालताना सतत दबत-उठत असते, तिथे पॅच टिकत नाही आणि टिकला तरी त्यावर विश्वास ठेवू नये. तेव्हा टायर बदलणं भागच होतं.

जवळच्या एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. मी विचारलं, एक घालू की दोन? तो म्हणाला एक फुटलाय तर एकच घाला ना, उगाच पैसे का घालवता. मला तेव्हा ते बोलणं प्रामाणिक वाटलं, खरं सांगायचं तर बरंच वाटलं, दोन विकायची संधी असून माणूस एकच घ्या म्हणतोय. पण त्याने शेजारचा टायर वाकून बघितलासुद्धा नाही. माझ्या जुन्या टायरची कंपनी त्याच्याकडे नव्हती म्हणून एमआरएफचा झेडव्हीटीव्ही घातला, ४,९०० घेतले, बॅलन्सिंग केलं आणि झालं. टायरबद्दल माझी काही तक्रार नाही, टायर चांगला आहे, उसगावात कारखाना असल्यामुळे आपल्याकडे एमआरएफवर लोकांचा तसाही जीव आहे. तक्रार ही की एकाच एक्सलवर डावीकडे कोरा टायर आणि उजवीकडे अर्ध्याहून जास्त झिजलेला, तोही वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या नक्षीचा, असं करून त्याने मला पावसात सोडलं.

पहिल्या आठवड्यातच जाणवायला लागलं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी हळूहळू उजवीकडे जायची. मला वाटलं अलाइनमेंट गेलं, म्हणून दुसरीकडे जाऊन करून घेतलं, त्यांनी कॉम्प्युटरवर सगळं हिरवं दाखवलं आणि गाडी तरीही उजवीकडे. पण ब्रेक जोरात लावला की मात्र डावीकडे झटका. चालताना उजवीकडे, ब्रेकला डावीकडे, हे काय चाललंय कुणालाच सांगता येईना, एका मेकॅनिकने तर ब्रेकचा कॅलिपर बदलायला सांगितला होता, बरं झालं मी थांबलो.

मग ऑगस्ट. चतुर्थीच्या आधीचा शेवटचा रविवार, म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या सजावटीचं, सामान घेऊन येत होतो, मागच्या सीटवर सुपारीचे घोस आणि कवंडळं, आई पुढे बसलेली, मांडीवर पिशवी. पाऊस असा की वायपर फुल्ल स्पीडला ठेवून पण समोरचं धड दिसत नव्हतं. अस्नोड्याच्या अलीकडे वळण संपतं तिथे रस्त्यात गुरं बसलेली, तीन-चार, काळी म्हैस तर अगदी जवळ जाईपर्यंत दिसलीच नाही. स्पीड पन्नासच्या आत होता. ब्रेक मारला, एबीएस पायाखाली थडथडायला लागलं, आणि गाडीचं तोंड डावीकडे फिरलं, म्हणजे मी स्टिअरिंग उजवीकडे धरून असताना गाडी डावीकडच्या माडाकडे बघतेय. थांबली, म्हशीपासून हातभर अंतरावर. आईच्या मांडीवरची पिशवी खाली पडली, ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग हळूच म्हणाली, गाडी दाखव रे कोणाला तरी.

तो रविवार मी विसरू शकत नाही. म्हणून हे सगळं लिहितोय.

चतुर्थी, मग ऑफिसची कामं, असं करत ऑक्टोबर उजाडला. सप्टेंबरच्या २२ तारखेपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे मी मनाशी ठरवूनच आलो होतो की आता चांगले दोन नवीन टायर पुढे घालून टाकायचे आणि विषय संपवायचा. ऑफिसमधल्या एकाने हे दुकान सांगितलं. आलो आणि मालकांना तेच सांगितलं, दोन टायर द्या, पुढे घाला.

त्यांनी दोन टायर काढले नाहीत. म्हणाले, "पात्रांव, एक नाका, दोन नाका, पयलीं मापून पळोवया," म्हणजे एक नको, दोन नको, आधी मापून बघू. खिशातून टायरच्या खाचेची खोली मोजायचा पेनासारखा गेज काढला, गुडघ्यावर बसले आणि एकेक टायरच्या खाचेत तीन-तीन ठिकाणी घालून बघितला, आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, आणि पोऱ्याला आकडे सांगत गेले, तो खडूने टायरवरच लिहीत होता. पुढचा डावा, जूनवाला, ६.८ मिलिमीटर. पुढचा उजवा २.९. मागचे दोन्ही ४.२ च्या आसपास. मग मला खाली बसवून खाचेच्या तळाशी असलेली छोटी आडवी उंचवट्याची पट्टी दाखवली, टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय असं बारीक लिहिलेलं असतं त्याच्या रेषेत ती सापडते, टायर झिजून तिच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ मिलिमीटर राहिलं, कायद्याने तिथे टायर संपला. पण गोव्यात जून ते सप्टेंबर जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इथे १.६ ची वाट बघू नका, तीनच्या खाली गेला की पावसाआधी काढा, खाचेत पाणी मावलं नाही तर टायर रस्त्याला लागतच नाही, पाण्यावर चढतो. हे त्यांचं बोलणं.

मग चार मिलिमीटरचा हिशेब सांगितला तो मला फार आवडला. माझ्या साइजचा नवा टायर उभा धरला तर व्यास साधारण ६२ सेंटिमीटर. शेजारचा टायर चार मिलिमीटर झिजलेला असेल तर वरून चार आणि खालून चार, म्हणजे व्यास आठ मिलिमीटरने कमी, आणि घेर पंचवीस मिलिमीटरने कमी. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात, मी घरी येऊन गुणाकार करून बघितला, किलोमीटरला सहा-सात फेरे जास्त येतात, म्हणजे डिचोली ते म्हापसा एका खेपेला शंभरावर. डावं आणि उजवं चाक वेगळ्या वेगाने फिरायची गरज वळणावर असते, त्यासाठी डिफरन्शियल असतं, ते इथे नाकासमोर सरळ जाताना पण सतत चालूच राहतं. आणि गाडी लहान चाकाकडे वळते, माझी उजवीकडे जायची ती म्हणून. ब्रेक लावला की मात्र उलट, ओल्या रस्त्यावर कोरा डावा टायर पकडतो, झिजलेला उजवा घसरतो, म्हणून तोंड डावीकडे. इतके महिने ज्याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं ते यांनी जमिनीवर खडूने दोन गोल काढून पाच मिनिटांत दिलं. अलाइनमेंटमध्ये दोष नव्हताच, आणि कॅलिपरमध्ये तर अजिबातच नव्हता.

आता खरी गोष्ट. मला वाटलं आता दोन विकणार. ते म्हणाले, दोन कशाला, तुमच्याकडे एक चांगला आहेच की, जूनचा, ६.८ चा. त्याला जोडीदार द्या, त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, कोरा. माझ्यासमोर नवा झेडव्हीटीव्ही काढला, गेज लावला, ७.६. फरक ०.८. एका एक्सलवर दीड-दोन मिलिमीटरच्या आतला फरक असेल तर मी एकच टायर विकतो, त्याच्या वर गेला तर जोडीच घालतो, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी, असं ते बोलले, आणि हे मला पटलं कारण यात एक की दोन हा हट्टच नाही, शेजारी कोण आहे ते बघायचं. समजा नवे चार टायर घातल्यावर दोन महिन्यांत एक कापला तर एकच घ्या, बिनधास्त. पण शेजारचा अर्धा झिजलेला असेल आणि कोणी एकच घ्या, पैसे वाचतील म्हणत असेल, तर ते पैसे वाचत नाहीत, पुढच्या पावसात कुठेतरी द्यावे लागतात. आणि चारही चाकांना कायम ताकद जाणारी, म्हणजे ऑल व्हील ड्राईव्ह गाडी असेल तर तिथे जोडी पण पुरत नाही, चारही जवळपास सारखे लागतात, नाहीतर मधल्या गिअरचं काम निघतं आणि ते टायरपेक्षा कितीतरी महाग पडतं.

स्टेपनीचं मी विचारलं. माझी स्टेपनी कधीच खाली उतरली नव्हती, कोरी, त्याच साइजची, मला वाटलं तीच का नाही लावायची. त्यांनी डिकी उघडून टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे दाखवले, पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. स्टेपनीवर ०८१९, म्हणजे २०१९ चा आठवा आठवडा. सहा वर्षांहून जुनं रबर, खाच कोरी असली तरी आत कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर पकडत नाही, आणि कंपनीही वेगळी. स्टेपनी वर्ष-दोन वर्षांची असती तर तीच वापरा म्हणालो असतो, हे पण सांगितलं. आता अडीअडचणीला राहू दे, पुढच्या वेळी बदलू. मग मी स्वतःच नव्या टायरचे आकडे वाचले, ३४२५, म्हणजे ऑगस्टमधला, आणि जूनवाल्याचे ०५२५. टायर घेताना हे चार आकडे बसवायच्या आधी बघून घ्या, कारण रिमवर चढल्यावर ती बाजू कधी कधी आत जाते आणि मग दिसत नाही.

पुढचा मुद्दा, ज्यावर माझं आणि त्यांचं थोडं वाजलं. ते म्हणाले ही चांगली जोडी मागे जाणार, मागची ४.२ ची जोडी पुढे. मी म्हणालो असं कसं, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जास्त भार पुढे, मग चांगले टायर मागे का. आमच्याकडे सगळे पुढेच घालतात. त्यांनी शांतपणे समजावलं. पाण्यात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलकं लागतं, ते हाताला कळतं, माणूस आपोआप पाय उचलतो आणि पकड परत येते. मागची चाकं घसरली तर आधी काही कळत नाही आणि कळतं तेव्हा गाडी आडवी झालेली असते, मग रोज चालवणाऱ्या माणसाच्या हातात काही राहत नाही. "तुम्ही चोर्ल्याला जाता ना," असं म्हणाले, "तिथल्या उतारावर वळताना मागची बाजू जागेवर राहायला पाहिजे." मिशेलिनसारख्या टायर कंपन्या पण नवी जोडी मागेच घालायला सांगतात. मला पटलं. पुढचे झिजतात लवकर हे खरं, पण म्हणूनच ते आधी संपू देत आणि मग पुन्हा जोडी घेऊ.

काम कसं केलं ते सांगतो. जुना टायर रिमवरून काढल्यावर रिमची कड वायरब्रशने घासली, तिथे गंज आणि जुनं रबर चिकटलेलं असतं आणि मग हवा हळूहळू जाते. व्हॉल्व्ह नवा घातला, न मागता. बॅलन्सिंग चारही चाकांचं केलं कारण चारही हलली होती. नट आधी हाताने फिरवून बसवले, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, आणि शेवटचा पीळ गाडी खाली उतरवून पान्ह्याने, एअरगनने नाही. हे बारीक वाटेल पण एअरगनने ठोकलेले नट रात्री अंधारात एकट्याने सोडवायची पाळी आली की कळतं, ते दांड्यावर उभं राहिलं तरी हलत नाहीत. मग अलाइनमेंट, आधीचा आणि नंतरचा कागद दोन्ही हातात दिले. नायट्रोजनचं मी विचारलं तर म्हणाले आहे, हवं तर भरतो, पण साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, त्यापेक्षा पंधरा दिवसांनी सकाळी गाडी गार असताना प्रेशर बघत जा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढं. नायट्रोजनचे पैसे सहज घेता आले असते.

टायर ४,५०० ला पडला, जूनमध्ये तोच ४,९०० ला घेतला होता, जीएसटीचा फरक दिसला. फिटिंग, व्हॉल्व्ह, चार चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून एकूण ५,६००, पक्कं बिल मिळालं, त्यावर टायरचा सिरीयल नंबर पण लिहिला, वॉरंटीला तो लागतो. मी नऊ-दहा हजार खर्च करायच्या तयारीने आलो होतो.

उणं काय असेल तर बसायला जागा नाही, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यावर दुपारचं ऊन येतं, बाईमाणूस किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर त्रास होतो. अलाइनमेंटची मशीन एकच आहे, मला तिथे पाऊण तास थांबावं लागलं. आणि फोनवर भाव विचारला तर सांगत नाहीत, गाडी घेऊन या, बघून सांगतो म्हणतात, आधी मला राग आला होता, आता कारण कळतंय, पण लांबून येणाऱ्याला निदान साइजप्रमाणे अंदाज तरी द्यावा असं मला वाटतं. काढलेला २.९ चा टायर त्यांनी परत नेणार का विचारलं, मी ठेवून घ्या म्हणालो, त्याचे काही दिले नाहीत, मी मागितले पण नाहीत.

परत येताना अस्नोड्याच्या त्याच सरळ पट्ट्यावर स्टिअरिंगवरचे हात जरा सैल केले. गाडी सरळ गेली. मागे कोणी नाही बघून ब्रेक जोरात मारला, सरळ थांबली. त्यानंतर चोर्ला तीन वेळा झाला, एकदा अवकाळी पावसात, केरीच्या बाजूला उतरताना, आणि आई पुढेच बसली होती.

मी तीनशे रुपयांचा तसलाच गेज मागवून डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. परवा बघितलं, पुढचे दोन्ही ३.६ वर आलेत, डावा-उजवा सारखे. म्हणजे मे महिन्यात पुढची जोडी घ्यायला पुन्हा इथे यायचंय, तेव्हा हे मागचे पुढे येतील आणि नवे मागे जातील. तुम्ही येणार असाल तर शनिवार टाळा, आणि मिरगाच्या आठवड्यात तर नकोच, तेव्हा रांग रस्त्यापर्यंत असते. मधल्या वारी सकाळी दुकान उघडता उघडता या, टायर गार असतात आणि मालक स्वतः असतात.